मावशीच्या पायऱ्या

इंग्लंडातच कुठेतरी
९ एप्रिल १९४४

प्रिय मावशी,

जिवंत आहे आणि ओला आहे. गेले सहा आठवडे दुसरं काही सांगण्यासारखं घडलेलंच नाही.

रोज सकाळी आम्हा तीस जणांना एका चपट्या पत्र्याच्या होडीत उभं करतात, मैलभर आत नेतात आणि सगळ्यांची पोटं रिकामी होईपर्यंत गोल गोल फिरवतात. ओकायला प्रत्येकाला एकेक कागदी पिशवी मिळते. ती पाणी लागलं की विरघळते. आज मी डॉब्सनच्या मानेवर ओकलो, काल तो माझ्या. मग होडीचं पुढचं दार धाडकन पाण्यात पडतं, सार्जंट आमच्या आईबापांचा उद्धार करतो आणि आम्ही बंदुका डोक्यावर धरून किनाऱ्याकडे पळतो. किनाऱ्यावर शत्रू म्हणून एक म्हातारा शेतकरी उभा असतो. आम्ही त्याच्या शेताची कशी वाट लावतो ते बघायला तो येतो. खरं सांगतो, जर्मनांनी त्याच्या निम्म्या शिव्या दिल्या तरी आम्ही आल्या पावली परत फिरू.

आमचा नवा साहेब लेफ्टनंट स्पिंक, चोवीस वर्षांचा. असं तोलूनमापून बोलतो की याच्या घरी चहा चांदीच्या किटलीतूनच येत असणार, असं डॉब्सन म्हणतो. आमची सगळी पत्रं तोच वाचतो, नियमच आहे तसा. तेव्हा साहेब, तुम्ही हे वाचत असालच: मंगळवारी तुमची टोपी पाण्यात मी पाडली. चुकून नाही.

(समासात, वेगळ्या अक्षरात: मला माहीत आहे. — ले. स्पिंक)

तर मुद्दा असा. इथे जो तो कशाची ना कशाची फुशारकी मारतो. डॉब्सनचा भाऊ फुटबॉल खेळतो, सार्जंटच्या सासऱ्याचा स्वतःचा पब आहे. माझ्याकडे कोण? तू! मी सांगून टाकलं, सुट्टीत आमचं अख्खं गाव ब्लॅकपूलला जातं, पण माझी मावशी लग्न झाल्यावर थेट फ्रान्सला गेली होती. १९२३ साली, सेंत-ओडीलला. शेकोटीवरच्या फळीवर फोटो होता, स्कर्ट गुडघ्यापर्यंत उचलून पाण्यात उभी. आणि दोन वर्षांपूर्वी सरकारने रेडिओवरून परदेशी किनाऱ्यांचे सहलीचे फोटो मागितले, तेव्हा तो लंडनला पाठवणारी सगळ्या ऑर्मशॉ गावात ती एकटी. सार्जंटसुद्धा म्हणाला, "बाईंना माझा नमस्कार कळव."

आता सगळे विचारतात, फ्रान्स कसा असतो? वाळू घट्ट की भुसभुशीत? तू कधी काही सांगितलंच नाहीस. हॉरिसकाकांना विचारलं की त्यांना खोकला यायचा. जरा सविस्तर लिही ना.

तुझा,
हर्बी

ता. क. मोजे पाठव. कोरडे.


ऑर्मशॉ
१६ एप्रिल १९४४

हर्बी राजा,

चार जोड मोजे पाठवते आहे आणि अंड्याच्या भुकटीचा एक केक. केक खाण्यासाठीच आहे, डॉब्सनच्या भावाकडे खेळायला देऊ नकोस. आपला ससा, फील्ड मार्शल, बरा आहे. नाताळला त्याचा रस्सा करायचा होता, पण शेजारच्या मिसेस ऑग्डनने त्याला नाव ठेवून घोटाळा केला. नाव ठेवलेला प्राणी घशाखाली उतरत नाही.

फ्रान्सबद्दल काय सांगू? समुद्र असतो. ओला असतो. वाळू ती वाळूच. वीस वर्षं झाली त्याला, आणि तेव्हा मी नव्या नवऱ्याकडे बघत होते की वाळू दाबून बघत होते? लोकांना म्हणावं, पुस्तकं वाचा. आणि तू तरी प्रत्येक ठिकाणी माझे गुडघे कशाला काढतोस रे? लाज नाही वाटत? सार्जंटला उलट नमस्कार सांग. तो विवाहित आहे हे त्यालाही सांग.

एक विचारते, सहज. लंडनवाले ते फोटो नीट तपासतात का? म्हणजे समजा कोणी फोटोच्या मागे चुकून भलत्याच गावाचं नाव लिहिलं, तर त्यांच्या लक्षात येतं ना? मिसेस ऑग्डनला पडलेला प्रश्न आहे हा. मला नाही.

तुझ्या साहेबाला त्याची टोपी शोधून दे. तोही कोणाचा तरी मुलगा आहे.

तुझी,
डल्सीमावशी


ऑर्मशॉ
२८ मे १९४४

हर्बी,

तीन आठवडे झाले, तुझी एक ओळ नाही. पोस्टमन म्हणतो, दक्षिणेकडून येणारं सगळं टपाल अडवून ठेवलंय. याचा अर्थ काय ते पाळण्यातल्या पोरालाही कळतं. तेव्हा आता सांगूनच टाकते. बसून वाच.

मी फ्रान्सला कधी गेलेच नाही.

वेक्सच्या सुट्टीच्या आठवड्यात गिरण्या बंद झाल्या की अख्खं ऑर्मशॉ ब्लॅकपूलला जातं, तुला ठाऊकच आहे. तेच शेजारी, तीच तोंडं, फक्त मागे समुद्र. हॉरिस म्हणाला, माझा मधुचंद्र मिसेस ऑग्डनच्या खुर्चीला खुर्ची लावून होणार नाही. आणि गिरणीत, प्रार्थनेला, पबमध्ये, जिथे तोंड उघडेल तिथे फ्रान्स, फ्रान्स. आम्ही बंदरापर्यंत गेलो, हर्बी. तिकिटं हातात होती. बोट धक्क्याला बांधलेली होती, हलतसुद्धा नव्हती. हॉरिसने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि धक्क्यावरच भडाभडा ओकला. तीन वेळा. मग म्हणाला, "डल्सी, माझ्याच्याने नाही होणार."

आम्ही बस धरली आणि तिथून दोन तासांवरच्या पेटलसी नावाच्या वाडीत सात दिवस काढले. चार दिवस पाऊस. पायऱ्यांजवळच्या टपरीवर चहा प्यायचा आणि कोणी ऑर्मशॉचं दिसत नाही ना ते बघायचं. परत येताना हॉरिसने बंदरात एक फ्रेंच साबण घेतला, आणि जहाज कंपनीच्या भिंतीवरच्या जाहिरातीतलं गावाचं नाव फोटोमागे लिहिलं. मी त्याला त्यासाठी कधी बोलले नाही. तो भला माणूस होता आणि मी त्या सात दिवसांत फार सुखात होते.

दोन वर्षांपूर्वी रेडिओवर ते आवाहन झालं आणि मिसेस ऑग्डन मला हाताला धरून पोस्टात घेऊन गेली. मागे अर्धी गल्ली. मी काय करणार होते? हॉरिसला जाऊन चार वर्षं झालेली. मेलेल्या माणसाला भर गल्लीत खोटं पाडू? आणि खोटं कशाला बोलू, सगळे टाळ्या वाजवत होते ते मला आवडलंही.

आता मी सगळ्यांना खरं सांगत सुटलेय आणि एकही माणूस विश्वास ठेवत नाही. मिसेस ऑग्डनला सांगितलं तर तिने डोळा मारला, म्हणाली, "कळलं हं, गुप्त आहे." लंडनला तीन पत्रं लिहिली. उत्तरादाखल छापील कार्ड आलं: आपल्या छायाचित्राविषयी कोणाशीही बोलू नये. पोस्टमनने ते वाचलं. आता खाटीक मला न मागता एक कलेजी जास्त देतो, "देशासाठी" म्हणून. कपाळ माझं!

फोटोत माझ्या मागे दगडी पायऱ्या आहेत, धक्क्याच्या भिंतीवर चढणाऱ्या. त्या पायऱ्या फ्रान्समध्ये नाहीत. तुला कोणी म्हणालं, या पायऱ्यांकडे पळ, तर पळू नकोस. हे पत्र साहेबाला दाखव. माझी अब्रू गेली तर जाऊ दे. तुझ्या आईने जाताना तुला माझ्या हवाली केलं होतं, तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. मला दुसरं कोणी नाही रे.

तुझी,
मावशी


काटेरी कुंपणाच्या आत
२९ मे १९४४
(ऑर्मशॉला पोचलं: १३ जून)

मावशी!!

मी आज तुझे पाय पाहिले.

दार लावून वाच. आम्हाला कुंपणात कोंडलंय, बाहेर जायला बंदी, बाहेरच्यांशी बोलायला बंदी. हे पत्र पण सगळं सुरू झाल्यावरच सुटेल म्हणतात. आज एका तंबूत नेलं. आत फळाभर फोटो, नकाशे. गावांची खरी नावं झाकलेली. सार्जंट छडीने दाखवत होता, इथे तोफ, इथे मशीनगन, इथे पाण्यात सुरुंग. डॉब्सनचा चेहरा पिठासारखा पांढरा. आणि तिसऱ्या ओळीत, मशीनगनच्या बरोबर खाली, तू! स्कर्ट वर, तोंडावर हसू.

सार्जंट म्हणाला, "आणि ही कोण अप्सरा?"

मी उभा राहिलो. म्हटलं, "सार्जंट, ती माझी मावशी आहे."

मावशी, तंबू फाटला असता. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. डॉब्सनला उचकी लागली. आता सगळी पलटण त्या [दोन शब्द काळ्या शाईने खोडलेले] मावशीच्या [एक शब्द खोडलेला] म्हणते. आणि ठरलंय असं की उतरल्यावर मी [अडीच ओळी खोडलेल्या]. घरचीच वाट म्हटल्यावर दुसऱ्याला पुढे जाऊ देतो काय मी?

एक गोष्ट तुझ्यामाझ्यात. सगळे गेल्यावरही स्पिंकसाहेब फोटोला नाक लावून उभे होते. पाच मिनिटं! मग लालबुंद होऊन निघून गेले. म्हणजे बघ, चांदीच्या किटलीवाल्यांनाही गुडघे आवडतात. साहेब, वाचताय ना? माझी हरकत नाही, ती विधवा आहे.

(समासात काही नाही.)

मला भीती वाटत होती, मावशी, आता सांगायला हरकत नाही. आता वाटत नाही. जिथे आपलं माणूस हवा खाऊन आलंय, तिथे आपल्याला काय होणार?

तुझा,
हर्बी


ऑर्मशॉ
१३ जून १९४४

हर्बी,

तुझं पत्र आज आलं. माझं तुला मिळालेलं नव्हतं.

तिकडे फ्रान्समध्ये ते सुरू झाल्याला आठवडा झाला. मी रेडिओजवळून उठत नाही. तुझ्या काळ्या ओळी खिडकीला धरून बघितल्या, वाफेवर धरल्या, लिंबू लावलं. त्यात काय आहे ते मला कळलंय, तरी लावलं.

मला एक ओळ लिही. शिवी लिही. "मावशी तू खोटारडी आहेस" एवढंच लिही. पण तुझ्या अक्षरात लिही.

मावशी


कुंपणाच्या आत
३ जून १९४४
(ऑर्मशॉला पोचलं: १६ जून)

आदरणीय मिसेस बिन्स,

हर्बर्ट लोमॅक्सच्या पत्रातल्या काही ओळी मी खोडल्या. त्यांचं कारण देणं मला भाग आहे.

तुमचा फोटो फ्रान्सचा नाही. पेटलसीचा आहे. त्या पायऱ्या एकवीस आहेत, खालून सहावी सैल आहे. तिच्यावरून पडून माझा पुढचा दात गेला, तो अजून तिथेच कुठेतरी असेल. फोटोत तुमच्या उजव्या कोपरामागे एक बाई पाठमोरी उभी आहे. एका पायावर भार, हातात किटली. ती माझी आई. पायऱ्यांशेजारची चहाची टपरी तिची. किटली पत्र्याची आहे आणि तिला तीन पोचे आहेत.

पलटणीत हे कोणाला माहीत नाही. लोक मला बड्या घरचा समजतात आणि मी समजू दिलं. तेव्हा त्या फोटोमागे फ्रान्स कोणी आणि का लिहिलं, हे विचारायचा मला अधिकार नाही.

तुम्ही काळजी करू नका. मी त्याच दुपारी वरिष्ठांना सांगितलं आणि पायऱ्या आमच्या नकाशावरून काढल्या. आमची माणसं डावीकडे, पंपघराच्या आडोशाला जातील. फोटो मात्र फळ्यावर राहू द्या अशी मी विनंती केली. त्या दिवशी माणसं दोन महिन्यांत पहिल्यांदा पोट धरून हसली. सगळ्यांसमोर लोमॅक्सला खोटं पाडायला माझी जीभ रेटली नाही. होडीत सगळ्यांना हुकूम देईन, "डावीकडे" म्हणून. तेवढं पुरे.

उद्या फळा काढतील तेव्हा फोटो मी खिशात घालणार आहे. ही चोरी आहे. सगळं उरकलं की परत करीन. आईला भेटून वर्ष झालं, आणि ती स्वतःचा फोटो कधी काढू देत नाही.

आपला,
लिओ स्पिंक, लेफ्टनंट

ता. क. लोमॅक्सचा गैरसमज दूर करावा. मी तुमच्या गुडघ्यांकडे पाहत नव्हतो. फारसा नव्हतो.


ऑर्मशॉ
१७ जून १९४४

लेफ्टनंट स्पिंकसाहेब,

तुमचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि रडले, मग हसले, मग मिसेस ऑग्डनला वाटलं की मला झटका आला. देव तुमचं भलं करो. माझ्या पोराला तुम्ही वाचवलंत.

तुमच्या आईला मी ओळखते! चार दिवस तिच्या छपराखाली बसून आम्ही तिचा चहा प्यायलो. आणि एक गोष्ट तुम्हाला सांगते, ती मी हर्बीलाही सांगितलेली नाही. जाताना हॉरिसने तिचा एक निळ्या पट्ट्यांचा कप खिशात घातला. फ्रान्सची नाही तरी कुठली तरी आठवण हवी म्हणाला. तो अजून माझ्या कपाटात आहे. तुम्ही फोटो चोरलात, आम्ही कप. फिट्टंफाट.

लढाई संपली की घरी या. केक करीन, खऱ्या अंड्यांचा. फोटो खुशाल ठेवा.

तुमची,
डल्सी बिन्स


लष्करी रुग्णालय, इंग्लंड
२ जुलै १९४४

मावशी,

माझ्या अक्षरात लिहितोय, बघून घे. ढुंगणात गोळी लागली. पालथा झोपून लिहितोय. इथल्या नर्सला मी रोज सांगतो की पळून जाताना नाही लागली, आणि ती रोज म्हणते, सगळे असंच सांगतात.

तुझं २८ मेचं पत्र फिरत फिरत इथे आलं. तीन दिवस उशीखाली ठेवलं आणि ठरवलं की तुला कधी म्हणजे कधीच लिहायचं नाही. आज तेही जमत नाही म्हणून लिहितो.

समुद्र खवळलेला होता. कागदी पिशव्या पाच मिनिटांत संपल्या, मग डोक्यावरची लोखंडी टोपी. शेवटी आम्हा तिसांची एकच मागणी होती, मरायचं तर मरू, पण जमिनीवर मरू. दार पडायच्या आधी साहेब ओरडले, "सगळे डावीकडे! पंपघर! पायऱ्यांकडे कोणीही जायचं नाही!" का, ते सांगितलं नाही. माझं डोकं फिरलं. वाटलं, हा किटलीवाला साहेब गिरणीत राबलेल्या माझ्या मावशीला शेवटच्या क्षणाला खोटं पाडतोय.

डॉब्सन दारातच गेला. मी त्याच्या अंगावरून गेलो. सगळे डावीकडे वळले आणि मी उजवीकडे पळालो. एकटा.

भिंतीपाशी पोचलो. पायऱ्या नव्हत्या. सपाट भिंत, दोन पुरुष उंच. मी चाचपडत होतो, मावशी. भिंतीवर हात फिरवत पायऱ्या शोधत होतो. सार्जंट सांगतो की मी तुझ्या नावाने हाका मारत होतो. मला आठवत नाही.

मागून कोणीतरी माझा पट्टा धरून ओढला. साहेब. एवढ्या लांब, मोकळ्या वाळूवरून आले होते. म्हणाले, "लोमॅक्स, गाढवा, डावं-उजवं कळत नाही?" आणि मला डावीकडे ढकललं. मी पळालो, तेव्हा ही लागली. पंपघराच्या आडून मागे पाहिलं तर साहेब भिंतीला टेकून बसले होते, बुटाची नाडी बांधायला बसावं तसे. नंतर ते उठलेच नाहीत.

पायऱ्या नाहीत हे त्यांना कसं कळलं, ते मला समजत नाही. कोण होते, कुठले होते, काही माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच, की मी त्यांची टोपी पाण्यात पाडली आणि ते माझ्यामागे आले.

मी चिडलोय. तुझ्यावर, काकांवर, त्या बांधलेल्या बोटीवर. सगळ्यात जास्त माझ्यावर, आणि ते काही केल्या कमी होत नाही. तू फ्रान्सला गेली नाहीस ना? मी जाऊन आलो. काही विशेष नाही.

हर्बी


पेटलसी
२४ सप्टेंबर १९४४

हर्बी,

सोबत स्पिंकसाहेबांचं पत्र आहे. ते आधी वाच, मग माझ्याकडे ये.

वाचलंस? आता कळलं ना, त्यांना कसं माहीत होतं. जुलैपासून तू मला दोन ओळींची पत्रं लिहितोस आणि मी तुला तीन ओळींची, कारण हे पत्र तुला टपालाने पाठवायची माझी हिंमत होत नव्हती. मी त्यांना लिहिलेलं पत्र न उघडता परत आलं. मग ठरवलं, आधी त्या माउलीला भेटायचं, मग तुला तोंड दाखवायचं. किनाऱ्यावर जायची बंदी उठली तशी निघाले. मिसेस ऑग्डनला सांगितलं की पेटलसीला चाललेय. तिने डोळा मारला, म्हणाली, "म्हणजे फ्रान्स." मी नाद सोडला.

टपरी तिथेच आहे. पायऱ्यांवर अजून काटेरी तार आहे, पण मोजता येतात. एकवीस. मिसेस स्पिंक एका पायावर भार देऊन उभी होती. म्हणाली, "चहा आहे, दूध नाही, बसायचं तर बसा."

मी पिशवीतून कप काढून तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, "हा तुमचा आहे. तेवीस सालापासून."

तिने उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, "नेतात बरेच जण. परत आणणाऱ्या तुम्ही पहिल्या."

मी नाव सांगितलं, तू कोण ते सांगितलं, तू लिओच्या पलटणीत होतास ते सांगितलं. ती आत गेली आणि फोटो घेऊन आली. पाण्याने फुगलेला, एका कोपऱ्याला डाग. लष्कराने साहेबांच्या वस्तू पाठवल्या त्यात होता. म्हणाली, "घड्याळ, वही, आणि ही बया. मागे फ्रान्स लिहिलंय. तुमच्या पोराला विचारा ना, कोण ही? तीन आठवडे मी डोकं फोडतेय. माझ्या लिओने तिकडे बाई ठेवली होती, आणि तीही एवढी थोराड? कपडे बघा, वीस वर्षांपूर्वीचे. मी म्हटलं, लढाईत बिचारीला नवीन मिळत नसतील."

हर्बी, त्या फोटोत मी पंचवीस वर्षांची आहे. थोराड! पण तोंड उघडायची ती वेळ नव्हती.

म्हटलं, "ती मी. आणि हे फ्रान्स नाही, हे इथलं आहे, त्या तुमच्या पायऱ्या. आणि लिओने तो माझ्यासाठी नाही ठेवला. माझ्या कोपरामागे बघा."

ती चष्मा शोधायला गेली. खिडकीशी जाऊन उभी राहिली. किती वेळ गेला ते सांगता येत नाही, एक चहा पूर्ण गार झाला. मग म्हणाली, "ही शाल मी कुत्र्याला घातली." आणि बसली, तिथेच, किटलीशेजारी जमिनीवर.

मी पण खाली बसले आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. हॉरिस आणि बोट, साबण, पोस्टातल्या टाळ्या. साहेबांचं पत्र मीच तिला वाचून दाखवलं, तिला अक्षरं दिसत नव्हती. तू उजवीकडे पळालास हेही सांगितलं, आणि तो तुझ्यामागे आला तेही. मी क्षमा मागितली. तिने दिली नाही. म्हणाली, "आज नाही." मी म्हटलं, बरोबर आहे.

मग ती उठली आणि तो निळ्या पट्ट्यांचा कप धूत राहिली. एकच कप, एवढा वेळ. पाठमोरी. फोटोतल्यासारखीच उभी होती. तशीच पाठ करून तिने विचारलं, "तो पोरगा नीट जेवतो का?"

म्हटलं, "जेवतो. बसतो मात्र तिरका."

ती म्हणाली, "त्याला घेऊन या. लिओने कोणाला परत आणलं ते मला बघायचंय."

मी हो म्हणून बसलेय. मी इथेच खोली घेतली आहे, पुढच्या रविवारपर्यंत थांबते. तू रजा काढ. नाही येणार, असं लिहायचं असेल तर लिहू नकोस, मी पत्र उघडणार नाही. दाढी कर, बूट पुस, आणि टपरीवरचं बाक कडक आहे तर एक उशी आण. ती काही बोलली तर ऐकून घे. रडली तर तूही रड. टोपीचं सांग तिला, तिला हसायला येईल असं मला वाटतं.

दुपारची गाडी घे. स्टेशनाबाहेर पडलास की एक रस्ता उजवीकडे जातो आणि एक डावीकडे. तू डावीकडे वळ. ऐकतोयस ना, हर्बी? डावीकडे.

तुझी,
मावशी